भिजत घातलेली मटकी: कमी खर्चात घरचे पोटभर जेवण



‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण सुरतेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी ऐकलेली असते. जेवावे सुरतेत आणि मरण यावे काशीत. गंमत अशी, की ही म्हण आपल्याला ऐकवली जाते ती लोचो, घारी किंवा डुमसची टमाट्याची भजी समोर असताना. घरच्या वरणभातापुढे बसून ती कोणी म्हणत नाही. आज आम्ही लिहिणार आहोत ते त्या न गाजलेल्या जेवणाबद्दल.

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, नवागाम या भागांत आपली जी कुटुंबे आहेत त्यांतली बरीचशी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत गेली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. पुढे कोणी लूमवर लागले, कोणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, कोणी मार्केटमध्ये. घरातल्या बायकांनी साड्यांना लेस लावली, टिकल्या चिकटवल्या. आज मुले शिकली, काहींनी स्वतःची दुकाने टाकली. तरीही अजून पुष्कळ घरे कामाच्या नगावर चालतात. काम झाले तर पैसा, नाही झाले तर नाही. दिवाळीला मार्केट बंद होते, लाभपंचमीला मुहूर्त होतो, आणि मशीन पूर्ण चालायला पुढे आणखी काही दिवस जातात. तेवढ्या दिवसांत हातात पैसा येत नाही, पोट मात्र सुट्टी घेत नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून प्लास्टिकचा डबा न देता पाव-पाव किलो मटकीची पुरचुंडी दिली. पुरचुंडी हातात पडताच एक ताई म्हणाल्या, “हीच दिवाळीत दिली असती तर जास्त कामाला आली असती!” सगळ्या हसल्या. मग मात्र त्या विषयावर दोन तास बोलणे चालले. कोण कुठे वाचवते, कोणाचे पैसे कुठे जातात, कोणाच्या आईने काय केले. त्यानंतर आमच्यातल्या काही जणींनी महिनाभर घरचा खर्च वहीत लिहून पाहिला. त्यातून जे समजले ते सगळ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पैसा कुठे गळतो?

वही लिहायला घेतली तेव्हा वाटले होते, डाळ महाग, भाजी महाग, त्यामुळे खर्च वाढतो. आकडे लिहिल्यावर दिसले ते वेगळेच. चार ठिकाणी गळती होती.

पहिली गळती संध्याकाळी सातची. दोघेही कामावरून दमून आलेले, मुलांना भूक लागलेली, आणि काय करायचे ते ठरलेले नाही. मग कोपऱ्यावरून वडापाव येतो, नूडल्सची पाकिटे येतात, फरसाण येते. पोट भरत नाही म्हणून नऊ वाजता पुन्हा भात टाकावा लागतो. एका संध्याकाळचे दोन खर्च.

दुसरी गळती पुडीची. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची हळद, छोट्या पाकिटातला चहा. रोजचा पैसा रोज येतो तेव्हा असे घ्यावेच लागते, त्यात कोणाचा दोष नाही. पण तीच वस्तू किलोच्या भावाने मोजून पाहिली की कळते, ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच ती जास्त महाग पडते.

तिसरी गळती उधारीच्या वहीची. उधार घेतो तेव्हा आपण भाव विचारत नाही, दुसऱ्या दुकानात जात नाही, आणि दुकानदार देईल तो माल मुकाट्याने घेतो. अडीनडीला उधारी उपयोगी पडते हे खरे, पण दर महिन्याला तीच वही चालू असेल तर हिशेब आपल्या हातात राहत नाही.

चौथी गळती तेलाची. तिच्याबद्दल पुढे थोडे सविस्तर सांगतो.

या चारांपैकी पहिली गळती सर्वांत मोठी निघाली, आणि ती बंद करायला एक पैसाही लागत नाही. उद्या काय करायचे ते आज रात्री ठरवायचे, एवढेच. आमच्या आज्या रात्री चूल सारवता सारवता कडधान्य भिजत टाकायच्या. ती सवय नुसती चवीसाठी नव्हती. मटकी भिजली की उद्याची भाजी ठरलेली असायची.

भाकरी आणि डाळ: साधे, पण विचार करून जमवलेले

स्वस्त जेवण म्हणजे निकस जेवण, असा एक समज आहे. तो खरा नाही. धान्य आणि डाळ एकत्र खाण्याची आपली पद्धत पोषणाच्या दृष्टीने पक्की आहे. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. डाळीत जो घटक कमी पडतो तो धान्य पुरवते. म्हणून भाकरी-पिठले, वरण-भात, खिचडी, वरण-बट्टी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

थोडा हिशेब करू. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम प्रथिने असतात. तूर, हरभरा, मूग, उडीद या डाळींत 100 ग्रॅमला 21 ते 24 ग्रॅम, शेंगदाण्यात 24-25 ग्रॅम. दोन मध्यम भाकरी आणि एक वाटी घट्ट वरण (कच्ची डाळ 30 ग्रॅम) असे एक जेवण धरले तर जवळपास 17 ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन वेळचे 34. त्यात मूठभर शेंगदाणे आणि एक पेला दूध धरले की आकडा 45 च्या पुढे जातो. साधारण 55 किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच असते. पनीर डाळीपेक्षा किलोला कितीतरी महाग, पण त्यात डाळीहून जास्त प्रथिने नसतात. पनीर आवडीने खावे. गरज म्हणून त्याच्यामागे धावायचे कारण नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यात दोन हजार कॅलरीच्या रोजच्या आहारासाठी सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या आणि 27 ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब केला तर डाळी-कडधान्ये 10 किलो आणि तेल सव्वातीन किलो होते. लहान मुले असतील तर दोन्ही त्याहून थोडे कमी. आता आपले किराण्याचे बिल काढून बघा. आमच्या वह्यांत बहुतेक घरी हे प्रमाण बिघडलेले होते: तेल जास्त आणि डाळ कमी. डाळ महाग म्हणून वरण पातळ केले जाते, आणि त्याच घरी आठवड्यातून तीनदा कढईभर तेल तापते. तळण निम्म्यावर आणले तर वाचलेल्या पैशांत वरण घट्ट होते.

आदल्या रात्रीची पाच मिनिटे

रात्री जेवण उरकले की ओट्यावर पाच मिनिटे द्यायची. त्यात ही कामे होतात:

– उद्याचे कडधान्य भिजत घालणे. मटकी, मूग, चवळी यांना सात-आठ तास पुरतात. हरभरे, वाटाणे, छोले रात्रभर लागतात.

– विरजण लावणे. घरी लावलेले दही आणि त्याचे ताक, विकतच्या पिशवीपेक्षा स्वस्त पडते.

– उरलेले पाहणे. भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, पोळ्या उरल्या तर कुस्करा. शेजारच्या गुजराती मावशी उरलेल्या रोटल्या ताकात वघारतात किंवा तव्यावर दाबून कडक खाखरे करतात. आमच्या मुलांना डब्यात ते फार आवडतात.

– उद्याची भाजी ठरवून मुलांना आणि घरधन्यांना सांगून ठेवणे. ठरलेले सगळ्यांना माहीत असले की बाहेरच्या खाण्याचा हट्ट कमी होतो, हा अनुभव आहे.

मोड आणताना सुरतेच्या हवेचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात फडक्यात बांधलेल्या मटकीला दहा-बारा तासांत मोड येतात, पण तेवढ्याच लवकर ती चिकट होऊन आंबूसही होते. म्हणून बांधण्याआधी दोन पाण्यांनी धुवायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचे आणि ओट्याच्या थंड कोपऱ्यात ठेवायची. थंडीत हेच काम रात्री आणि पुढचा दिवस घेते.

मोडांचा फायदा दुहेरी. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसते, मोड आल्यावर ते तयार होते. धान्य-कडधान्यातले लोह शरीराला नीट मिळू न देणारा फायटेट नावाचा घटकही भिजवल्याने आणि मोड आल्याने कमी होतो. वर लिंबू पिळले की लोह आणखी चांगले मिळते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये. चहाने लोह शोषले जाण्यात अडथळा येतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असू द्या.

भिजलेले कडधान्य लवकर शिजते, त्यामुळे गॅस वाचतो. सिलिंडर असो की पाइपचा गॅस, शिट्टीवर शिट्टी घेण्यात अर्थ नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यायची. त्या दहा मिनिटांतही आतले शिजतच असते. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर भात आणि बाजूला दोन बटाटे, असे तीन पदार्थ एका आचेवर होतात.

किराणा कसा आणावा?

पैसे हातात येतील त्या दिवशी आधी चार वस्तू भरायच्या: धान्य, डाळी-कडधान्ये, तेल, मीठ-मसाला. बाकीचे नंतर. एकदम महिन्याचे घेणे जमत नसेल तर चार घरांनी मिळून घ्या. आमच्या एका गल्लीत चार जणी मिळून कांदे, बटाटे, लसूण सरदार मार्केटमधून आणतात आणि वाटून घेतात. रिक्षाचे भाडे चौघींत विभागले जाते आणि तोंडी भावापेक्षा बरेच स्वस्त पडते. कडधान्यांचेही तसेच करता येते.

पीठ विकतचे न आणता घंटीवर दळून आणा. धान्य आपण निवडलेले असते, कोंडा आपल्या घरी येतो, आणि पिठात हवे ते मिसळता येते. गव्हाबरोबर मूठभर हरभरे किंवा सोयाबीन टाकले की पोळीही अधिक पौष्टिक होते. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून त्याला एरंडेल चोळून ठेवायची इथल्या घरांची पद्धत चांगली आहे. ज्यांना जागा आणि एकरकमी पैसा जमतो त्यांनी जरूर करावी. जाता जाता एक गोष्ट: आपण दुकानात ज्याला ‘लोकवन’ गहू म्हणतो तो म्हणजे ‘लोक-1’, भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेले वाण. म्हणजे महाराष्ट्रात घरोघर जी पोळी लाटली जाते तिचे मूळ आपल्या या गुजरातेत आहे.

ज्वारीबद्दल मात्र खरे सांगायला हवे. चांगली ज्वारी आता गव्हापेक्षा महागही मिळते. तेव्हा रोज भाकरी परवडत नसेल तर आठवड्यातून तीन वेळा ज्वारी-बाजरी आणि इतर दिवशी पोळी-भात, असे करायला हरकत नाही.

नव्याने आलेल्या सुनांना आणि गावाकडून आलेल्या मुलांना दुकानात नावांची अडचण येते. म्हणून इथले शब्द देऊन ठेवतो. मटकी म्हणजे मठ, तूर म्हणजे तुवेर, चवळी म्हणजे चोळा किंवा चोळी, ज्वारी म्हणजे जुवार, नाचणी म्हणजे नागली, भगर म्हणजे मोरैयो, शेंगदाणे म्हणजे सिंगदाणा, पोहे म्हणजे पौंवा, ताक म्हणजे छाश. आणि थंडीत जो पोंक मिळतो तो म्हणजे आपला हुरडा!

भाजी मोसमाची घ्या. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, वांगी, टोमॅटो, कोबी भरपूर येतात, तेव्हा भाज्या खाऊन घ्या. मुळ्याचा पाला, कोबीचा दांडा, बिटाची पाने टाकू नका. डाळ घालून त्यांची उत्तम भाजी होते. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि चिखलाचीही येते, तेव्हा कडधान्ये, पिठले, सांडगे यांवर भर द्या. आपल्या आयांनी उन्हाळ्यात सांडगे आणि बिबडे घातले ते याच दिवसांसाठी.

रेशनचे धान्य सुरतेतही मिळते

अनेकांना अजून माहीत नाही म्हणून हे वेगळे लिहितो. ज्यांचे रेशनकार्ड महाराष्ट्रातल्या गावचे आहे आणि ते अन्नसुरक्षा कायद्याखाली (प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय) येते, त्यांना ते धान्य सुरतेतल्या सस्ता अनाजच्या दुकानातूनही घेता येते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत 9 ऑगस्ट 2019 रोजी ज्या पहिल्या दोन राज्य-जोड्या सुरू झाल्या त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. म्हणजे ही सोय सुरुवातीपासून आपल्यासारख्यांसाठीच आहे.

प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य मिळते, आणि 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. चार जणांच्या कार्डावर 20 किलो धान्य झाले. वर दिलेल्या प्रमाणाने चार मोठ्या माणसांना महिन्याला 30 किलो धान्य लागते. म्हणजे दोन-तृतीयांश गरज इथेच भागते आणि तो पैसा डाळीकडे वळवता येतो.

त्यासाठी कार्ड आधारशी जोडलेले हवे, आणि दुकानात कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून अंगठा द्यावा लागतो. सगळे धान्य एकाच जागी घ्यायची सक्ती नाही. घरातली काही माणसे गावी असतील तर त्यांच्या वाट्याचे त्यांनी तिकडे घ्यावे, तुमच्या वाट्याचे तुम्ही इकडे. ‘मेरा राशन’ या मोबाइल ॲपवर जवळचे दुकान आणि आपला शिल्लक वाटा दिसतो. ज्यांना फोनवर हे जमत नाही त्यांना घरातल्या शिकलेल्या मुलांनी करून द्यावे.

एका आठवड्याचा बेत

हा बेत आम्ही आमच्या घरी चालवून पाहिला आहे. तुमच्या आवडीप्रमाणे अदलाबदल करा.

सोमवार: सकाळी मोडाची मटकी, पोळी. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, ताकाची कढी.

मंगळवार: सकाळी मेथी-मूगडाळीची भाजी, भाकरी. रात्री वरण-भात, लिंबू, शेंगदाण्याची चटणी.

बुधवार: सकाळी चवळीची उसळ, पोळी. रात्री डुबुकवडे, भाकरी किंवा भात.

गुरुवार: सकाळी कोबी-वाटाणा, पोळी. रात्री पिठले, भाकरी, कांदा.

शुक्रवार: सकाळी हरभऱ्याची उसळ, पोळी. रात्री मसालेभात, कोशिंबीर.

शनिवार: सकाळी बटाट्याचा रस्सा, पोळी. रात्री कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा.

रविवार: वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, जे खातात त्यांच्याकडे अंडाकरी. रात्री उरलेल्या बट्ट्या कुस्करून फोडणीला.

रूमवर राहणाऱ्या मुलांनी यातला सोमवार आणि मंगळवार रात्रीचा बेत आधी शिकावा. खिचडी आणि वरण-भात येत असेल तर बारा तासांची पाळी करून आल्यावरही अर्ध्या तासात गरम जेवता येते.

दोन कृती

कळण्याची भाकरी. अहिराणीत जिला ‘कयनानी भाकर’ म्हणतात तीच. 1 किलो ज्वारीत पाव किलो अख्खे काळे उडीद आणि चमचाभर मेथीदाणे घालून घंटीवर दळून आणा. उडीद जास्त आवडत असतील तर अर्ध्या किलोपर्यंत घालता येतात. पिठात मीठ घालून कोमट पाण्याने मळा. उडदामुळे पीठ चिकट होते, ते तळव्याने चांगले रगडले की भाकरी तुटत नाही. तव्यावर एक बाजू पाणी लावून, दुसरी कोरडी शेकून, मग आचेवर फुगवा. हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि वर चमचाभर तेल एवढे पुरे. धान्य आणि डाळ एकाच भाकरीत आल्यामुळे भाजी कमी असली तरी जेवण अपुरे राहत नाही.

डुबुकवडे. चार माणसांना दीड वाटी बेसन घ्या. त्यात ओवा, हळद, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून भज्यांसारखे घट्टसर भिजवा. दोन कांदे आणि सात-आठ लसूण पाकळ्या तव्यावर भाजून वाटा. सुके खोबरे महाग वाटले तर दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घाला. दोन चमचे तेलात मोहरी-जिरे, वाटण आणि काळा मसाला परतून चार-पाच वाट्या गरम पाणी ओता. रस्सा खळखळ उकळला की त्यात बोटांनी लहान लहान वडे सोडा. ते डुबुक डुबुक करत तळाशी जातात आणि शिजले की वर येतात. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे शिजवा. शेवभाजीत जे बेसन तेलात तळून येते तेच इथे पाण्यात शिजते, म्हणून चव रस्स्याची आणि खर्च पिठल्याचा.

कुठे वाचवू नये

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हळदीकुंकवाच्या त्या दोन तासांत एक काकू सहज बोलून गेल्या, “मंदीत आमच्या घरी काही कमी पडले नाही. मी आपली रात्रीची भाकरी चहात बुडवून खायची.” त्यांनी ते अभिमानाने सांगितले. ऐकणाऱ्या आम्ही मात्र गप्प झालो, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींना ते ओळखीचे होते.

काटकसर म्हणायची आणि ती एकाच माणसाच्या ताटातून करायची, हा हिशेब खोटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गुजरातमधल्या 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 65 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. त्या स्त्रिया परक्या नाहीत, त्यांत आपल्याही घरच्या आहेत. घट्ट वरण आधी इतरांना वाढून तळाचे पाणी आपण घ्यायचे, उसळ संपली म्हणून लोणच्याशी जेवायचे, हे दवाखान्याच्या बिलातून पुढे वसूल होते.

म्हणून काही ठिकाणी हात आखडू नये. मुलांचे दूध, गरोदर आणि बाळंतिणीचे जेवण, पालेभाजी, आणि घरातल्या बाईची वाटी. वाढताना डाळ-उसळीच्या वाट्या आधी सगळ्यांसाठी, स्वतःसकट, भरून ठेवा आणि मग जेवायला बसा. शक्य असेल तर सगळे एकदम बसा. घरातल्या पुरुषांनीही एकदा डोकावून पाहावे, शेवटच्या ताटात काय उरले आहे ते.

कमी खर्चात नीट जेवणे म्हणजे कमी खाणे नव्हे. आधी ठरवणे, मिळून आणणे आणि सारखे वाढणे, एवढ्या तीन गोष्टींवर ते चालते. आमच्या वह्यांत महिनाअखेर जो पैसा राहिला तो काही फार मोठा नव्हता, पण तो राहिला. काही जणींनी तो दिवाळीनंतरच्या दिवसांसाठी वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात केली आहे.

पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तुमच्या घरची एखादी स्वस्त आणि चविष्ट कृती जरूर सांगा. आईची, आजीची किंवा शेजारच्या गुजराती मावशींची. आणि हो, येत्या वर्षी मटकीची पुरचुंडी संक्रांतीला देण्याऐवजी दिवाळीच्या आधीच द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. त्या ताईंचे म्हणणे बरोबर होते.